दीक्षाची निवटी

१

दुपारी तीन वाजता मी गेम खेळते. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. माझं वय त्र्याहत्तर, शाळेत एक दिवस बसलेली नाही. अक्षरं मी चाळिशीत शिकले, मुलाच्या जुन्या पुस्तकांतून. इंग्रजी अक्षरं सत्तरीनंतर, या गेमपायी. नात दीक्षा एकदा सांगायची. दुसऱ्यांदा सांगायची वेळ मी तिच्यावर आणली नाही.

भांडी आवरली, ओटा पुसला, की स्वयंपाकघरात पाट मांडायचा, प्लायच्या भिंतीला पाठ लावायची आणि ते हातात धरायचं यंत्र चालू करायचं. लहान वहीएवढं आहे, मधे काच, दोन्ही अंगांना बटणं. गेम असा, की एक पोरगी रानातून, गावांतून चालत जाते. गवतात, पाण्यात, गुहेत नाना तऱ्हेचे जीव असतात, ते पकडायचे. पण बरोबर फक्त सहा नेता येतात. बाकीचे कोंडवाड्यात ठेवायचे, नाहीतर सोडून द्यायचे. सोडताना गेम एकदा विचारतो, नक्की ना. हो म्हटलं की तो जीव कायमचा गेला.

म्हणजे सगळा खेळ पारखीचा. आणि मला पारख शिकवील असा माणूस आमच्या चौल गावात अजून जन्माला यायचाय. एकतीस वर्षं मी विश्वंभरांच्या वाडीत सुपारी निवडली. ढिगात हात घातला की बोटांना कळायचं, भरलेली कुठली, पोचट कुठली, वरून गोरी आणि आतून काळी पडलेली कुठली. चांगली उजव्या हाताला, टाकाऊ डाव्या हाताला. पहिली दोन वर्षं मालक माझा ढीग उलटून बघायचे. नंतर बघेनासे झाले.

तर दीक्षा खेळायची आणि मी शेजारी बसून निकाल द्यायची. नावंही बहुतेक मीच ठेवलेली. फुग्या दिसायला राक्षस, अंग फुगवून येतो आणि तीन फटक्यांत धापा टाकतो. असले पुरुष मी पुष्कळ पाहिलेत, टाक कोंडवाड्यात. कंदिली म्हणजे पोटात दिवा असलेलं पाखरू, मारामारीत शून्य, पण गुहेत तिच्यावाचून पाऊल टाकता येत नाही, तिला ठेव. दगड्या मंद आहे, पण दुसऱ्यावरचा घाव स्वतःच्या अंगावर घेतो, असा एक जवळ लागतोच. तुरेवाला नुसता ओरडतो.

"आजी, पण किती गोड आहे तो," दीक्षा म्हणायची.

"गोड दिसणं हे काम न्हाय."

"तू जज व्हायला हवी होतीस."

"व्हायला कशाला, हायच मी."

मग ती हसायची, आणि हसताना तिला धाप लागायची, म्हणून मी तिला फार हसवत नसे.

दीक्षा जूनमध्ये गेली. एकोणीस वर्षांची होती. तिचा अर्धा राहिलेला डाव मी पुरा करतेय, असं घरात सांगितलंय. खरं कारण वेगळं आहे. मेमधल्या एका दुपारी मी याच स्वयंपाकघरात एक वाक्य बोलले, आणि तेव्हा प्लायच्या पलीकडे ती पडलेली होती. तिने ते ऐकलं का, एवढं मला माझे डोळे मिटायच्या आधी कळायला हवं. कोणाला विचारायचं ते सुचेना, म्हणून तिच्या हातातली वस्तू घेऊन बसते.

२

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की त्याच्यावर निवट्या दिसतात, चिखलातली मासळी. बोटभर, करड्या, ओल्या, डोक्यावर डोळे आलेले. पावलाची चाहूल लागली की बिळात. गेमच्या पहिल्याच गावात पोरीला असाच एक जीव मिळतो. दीक्षाने बघितल्याबरोबर त्याचं नाव निवटी ठेवलं. ते नाव तिचं, माझं नव्हे.

निवटीला काहीच येत नव्हतं. लढाईत उभी केली की ती जमिनीला डोकं टेकून बसायची. पडद्यावर इंग्रजीत ओळ यायची. मराठीत सांगायचं तर, निवटी ऐकते आहे. समोरच्याने मारलं, की निवटी ऐकते आहे. अजून मारलं, तरी निवटी ऐकते आहे. मग ती आडवी व्हायची.

"ही कशाच्या कामाची?" मी विचारलं.

"ऐकते ना ती."

"ऐकून कोणाचं भलं झालंय? सोड तिला. एक जागा अडवून बसलीय फुकट."

"पहिली आहे गं ती माझी."

"पहिली म्हणून काय गळ्यात बांधून फिरणार?"

तिने तीन दिवस टाळलं. तेव्हा तिचं डायलिसिस नुकतं सुरू झालेलं. आठवड्यातून तीनदा अलिबाग, आणि आली की पाय सुजून गोळा झालेले, पाऊल उचलायचं नाही, चपला फरफटत बाजेपर्यंत यायची. तिसऱ्या दिवशी तशीच आली, चपला न काढता बाजेवर बसली आणि यंत्र मांडीवर घेतलं. गेमने विचारलं, नक्की ना. दीक्षाने माझ्याकडे पाहिलं.

"दाब," मी म्हटलं.

तिने दाबलं. निवटी गवतात गेली, एकदा वळून बघितल्यासारखं केलं आणि दिसेनाशी झाली. त्यानंतर सहावी जागा दीक्षाने कधी भरली नाही. मी चांगले चांगले जीव सुचवले. ती म्हणायची, असू दे.

मी तिला वाडीतला नियम सांगितला होता, मोठ्या तोऱ्यात. डाव्या हाताने टाकलेली सुपारी परत उचलायची नाही. एक उचललीस की आपल्याच हातावरचा विश्वास जातो, आणि मग अख्खा ढीग नव्याने बघावा लागतो. तो ढीग कोण बघणार?

३

आता ते वाक्य.

डॉक्टर म्हणाले, किडनी बदलावी लागेल, घरातलं कोणी देत असेल तर बघा. तपासण्या झाल्या. मी वयामुळे बाद. माझा मुलगा सम्यक, म्हणजे दीक्षाचा बाप, त्याचं जुळेना. सून मानसी, तिचं जुळलं. मानसी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, कामाची बाई, आजारी म्हणून एक दिवस पडलेली मला आठवत नाही. ती त्याच क्षणी तयार झाली. डॉक्टर आणखी एक बोलले, की पोरीचं हृदयही थकलंय, पुढे कसं होईल ते छातीठोक सांगता येणार नाही. बाकीच्यांनी पहिलं धरलं, मी दुसरं.

मेची सुट्टी होती, म्हणून मानसी दुपारची घरी. ती विळीवर कैऱ्या चिरत होती, मी पाटावर. मधे प्लाय, पलीकडे बाहेरच्या खोलीत दीक्षाची बाज. तिला आडोसा हवा म्हणून सम्यकनेच तो घातला होता, पापडासारखा पातळ. पलीकडून कोणी टेकलं तर इकडे पाठीला कळायचं. तिच्या गेममधलं लढाईचं संगीत जोरात चाललेलं होतं. त्याच्या भरवशावर मी तोंड उघडलं.

"मानसी, डोकं शांत ठेवून ऐक. पोरगी राहायची न्हाय. मला दिसतंय."

"आई, असं नका बोलू."

"मी न्हाय बोलणार तर कोण बोलणार? उद्या तू अर्धी होऊन पडलीस, तर सम्यकला कोण हाय? पोचटापायी भरलेली फोडत न्हाईत."

मानसीचा हात विळीवर थांबला. पलीकडे संगीत चालूच होतं.

पंधरा-वीस दिवसांनी कळलं, मानसीची किडनी आता घेणार नाहीत. का ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला वाटलं, माझं पटलं तिला. मला थोडं बरंही वाटलं, हे लिहायला हात जड होतोय, पण लिहिते. जूनच्या बावीस तारखेला दीक्षा गेली.

४

या जानेवारीतली गोष्ट. वाड्यांमध्ये सुपारी वाळत पडलेली, दुपारी वारा पडला की तिचा तुरट वास आमच्या ओट्यापर्यंत येतो. मी गेममध्ये डोंगरातल्या वाटेवर होते, गेम जिथे संपतो ते शेवटचं फाटक दोन गावांवर राहिलेलं. सहांतला ज्याला पहिला ठेवाल तो पोरीच्या मागून चालतो, आणि ज्याच्या त्याच्या चालीचा आवाज येतो. मी दगड्याला पहिला ठेवला होता. धप्प, धप्प, धप्प.

त्या दुपारी प्रत्येक धप्पच्या मागे अजून एक आवाज होता. घासणारा, थोडा ओला.

मी पोरीला थांबवलं. दगड्या थांबला. तो दुसरा आवाज एक पाऊल जास्त चालला आणि मग थांबला.

यादी उघडून पाहिली. पाच जीव. सहावी जागा मोकळी.

मी घाबरट बाई नाही. वाडीच्या विहिरीत माणूस बुडाला, तेव्हा बाप्ये काठावर उभे होते आणि दोर बांधून मी उतरले होते. मी विचार केला. यंत्र दिवाळीत माझ्या हातून फरशीवर पडलं होतं, तेव्हापासून त्याच्या आवाजात घरघर आहे. शेजारच्या अंगणात कोणी पोतं ओढत असेल. पाल असेल. मी उठले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन आले. बाज, तिच्यावर गुंडाळलेली गादी, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दाराला आतून कडी. फरशी कोरडी. कोपऱ्यात दीक्षाच्या चपला होत्या, त्या मानसी कोणाला उचलू देत नाही.

परत पाटावर बसले. यंत्राचा आवाज पुरता बंद केला आणि पोरीला चालवायला घेतलं. धप्प गेलं. दुसरा आवाज गेला नाही. तो यंत्रातून येतच नव्हता. तो बाहेरच्या खोलीत होता. दारापासून निघाला, दमून दोनदा थांबला, बाजेशी आला आणि माझ्या पाठीमागे, प्लायच्या त्या अंगाला, शांत झाला.

या वेळी मी उठले नाही. बटणं दाबत राहिले. गवतातून एक कोल्हा आला, लढाई लागली. दगड्याने धडक दिली, तशी ओळ आली. कोल्ह्याने चावा घेतला, तशी ओळ आली. मग पडदा थोडा थांबला, आणि खाली तिसरी ओळ उमटली.

निवटी ऐकते आहे.

मी यंत्र बंद केलं, तांदूळ धुतले, चूल नसलेल्या घरात उगीच काड्यापेटी शोधत बसले. दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा पाट मांडला. न मांडून कसं चाललं असतं? विचारायला बसले होते, आणि आता कोणीतरी आलं होतं. रोज तसंच झालं. चपला दारापासून बाजेपर्यंत, आणि लढाई लागली की शेवटी तीच ओळ.

५

किशोरीला बोलावलं. ती शेजारची, दीक्षाच्या वर्गातली, आता रेवदंड्याला एका लॉजवर कामाला जाते. यंत्र मुळात तिचंच. तिने पाव तास खेळून पाहिलं. ओळ आली नाही, पावलं वाजली नाहीत.

"आजी, यादीत नसलेला जीव लढाईत येतच न्हाय. तुम्हाला डुलकी लागली असंल."

"डुलकी तुझ्या लग्नात काढीन. आता एवढं सांग, सोडलेला परत येतो का?"

"न्हाय." मग तिने मान वर केली. "निवटी सोडलीत? कोणी सांगितलं सोडायला?"

मी दुधाचं पातेलं उगीच हलवलं.

"अहो, सगळ्यात भारी जीव हाय तो. पहिल्या बारा लेव्हल नुसता मार खात ऐकत राहतो. ऐकून ऐकून भरला, की मग एकदाच बोलतो. समोर कोणी म्हणजे कोणी उरत न्हाय. शेवटच्या फाटकाशी त्याच्याशिवाय अडतंय. दीक्षाला म्हाईत होतं, मीच सांगितलेलं तिला."

"तिला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग मला का बोलली न्हाय?"

"तुमच्यापुढं कोण बोलतंय, आजी," किशोरी म्हणाली. हसत म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं.

इतक्यात तिचा फोन वाजला. ती यंत्र ओट्यावर ठेवून अंगणात गेली. लढाई अर्ध्यावर होती. संगीत वाजत राहिलं, संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा संपलं, पुन्हा सुरू. मी तशीच उभी राहून ऐकत होते. ती आत आल्यावर विचारलं, "हे सारखं तेच का वाजतंय?"

"कोणी बटण दाबलं न्हाय ना. दाबेपर्यंत तेच वाजणार. दाबलं की मधे टिक टिक येतं बघा."

तिने दाबलं. टिक. दगड्याने धडक दिली. टिक.

किशोरी गेली. मी ओट्याला धरून उभी होते. मेमधली ती दुपार माझ्या कानात जशीच्या तशी आहे, दुसरं काही राहिलं नाही तरी ती राहील. कैरी चिरल्याचा आवाज. मानसीचं असं नका बोलू. माझा आवाज, काय तो ठणठणीत. आणि त्या सगळ्याच्या मागे ते संगीत, संपत होतं आणि पहिल्यापासून सुरू होत होतं. एकदाही टिक झालं नव्हतं.

तेव्हा मला बटणं कळत नव्हती. आता कळतात. पण माझं मन मोठं वकील आहे. झोपली असेल, म्हणालं. पाणी प्यायला उठली असेल, म्हणालं. पाणी माझ्या पायाशी, माठात होतं. तिला मोजूनच मिळायचं, ते तिने मागितल्याशिवाय कधी घेतलं नाही.

६

शनिवारी मानसीची शाळा सकाळची असते. दीक्षा गेल्यापासून ती माझ्याशी गरजेपुरतं बोलते. पाणी आलंय. गॅस सांगितलाय. त्या शनिवारी ती चहा घेऊन माझ्या समोर फरशीवर बसली. मी पाटावर, मांडीवर यंत्र, अजून चालूही केलं नव्हतं.

तीन वाजले. दारापाशी चपला वाजल्या.

मी मानसीच्या तोंडाकडे बघत होते. तिने कप ओठाला लावला होता. तो तसाच धरून ती थांबली, रस्त्यावरून गाडी जाईपर्यंत माणूस बोलायचं थांबतो तशी. पावलं बाजेशी आली, प्लायला टेकली, शांत झाली. मग मानसीने घोट घेतला.

"तुलाही येतं ऐकू," मी म्हटलं.

"जुलैपासून. सुट्टीच्या दुपारी घरी असते ना मी."

"मला जानेवारीत आलं."

"माहीत आहे. मी बघायची ना तुमच्याकडे. ती पाठीशी येऊन बसायची आणि तुम्ही गेम खेळत असायच्या."

"बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुम्ही म्हणाला असता, पाल आहे."

आता विचारलं नाही तर कधीच विचारलं जाणार नव्हतं. "मानसी, त्या दिवशी तिने ऐकलं का?"

मानसीने कप खाली ठेवला. पदराने उगीच फरशी पुसली.

"त्याच संध्याकाळी मला जवळ बसवून घेतलं तिने. म्हणाली, मम्मी, मला तुझी किडनी नको. मी म्हटलं, वेड लागलंय का तुला. तर म्हणाली, आजी माल बघून बोलते, आजीचा हात चुकत नाही. मी पंधरा दिवस पाया पडले तिच्या, आई. पोटच्या पोरीच्या पाया पडले. डॉक्टरांनी समजावलं. तिने सही केली नाही. तिच्या सहीशिवाय करता येत नव्हतं."

"सम्यकला ठाऊक हाय?"

"त्यांना एवढंच ठाऊक आहे, की ती घाबरली."

"माझ्यावर चिडली होती?"

"चिडली असती तर मी तिला भांडून तयार केलं असतं," मानसी म्हणाली. "तिचा तुमच्यावर विश्वास होता."

एकोणतीस वर्षं मालकांनी माझा ढीग उलटून बघितला नाही, याचा मला केवढा अभिमान. मी तोंड फिरवलं, पण फिरवून बघायचं कुठे? समोर मानसी, मागे प्लाय.

तेव्हा पाठीला कळलं. प्लायला माझ्या बाजूला फुगवटा आला होता, बसलेल्या पोरीच्या खांद्याएवढ्या उंचीवर. कोणी पलीकडून पूर्ण भार टाकून टेकलेलं होतं. लुगड्यातून गारवा आत येत होता, ओहोटीच्या चिखलात हात घातल्यावर लागतो तसा. मी हलले नाही.

"दर वेळी तिथेच बसते," मानसी हळू आवाजात म्हणाली. "इकडे येत नाही. मी हाका मारल्या, दाराचा पडदा धरून उभी राहिले. येत नाही. मला वाटतं, तिच्या लेखी आपलं बोलणं अजून संपलेलं नाही."

किशोरीचे शब्द मला आठवले. ऐकून ऐकून भरला की एकदाच बोलतो, समोर कोणी उरत नाही. बोलू दे. मी त्यासाठीच बसले होते. पण पलीकडून काही आलं नाही. ती बोलणारी पोर नव्हतीच. ती ऐकत होती, म्हणजे बोलायचं मलाच होतं.

"मानसी," मी मोठ्याने म्हटलं. आवाज पूर्वीसारखा निघेना, तो मी ओढून काढला. "तुझी किडनी दे तिला. पोरगी राहील. मला दिसतंय."

मानसी माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं.

"देते, आई," ती म्हणाली.

प्लाय तसाच.

"परत बोला," मानसी म्हणाली.

"तिला दे. माझं चुकलं होतं. माझा हात चुकला."

"परत."

मी पुन्हा बोलले. मानसी पुन्हा देते म्हणाली. किती वेळा झालं ते मला सांगता येणार नाही. माझा घसा बसला, मानसीच्या कपातल्या चहावर साय धरली, ओट्यावरचं ऊन खिडकीच्या गजांपर्यंत सरकलं. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत तीच दोन वाक्यं बोलत होतो, आणि पाठीवरचा भार काडीने कमी होत नव्हता.

चारच्या सुमाराला पुढचं दार वाजलं. सम्यक, थळच्या कारखान्यातून, पहिली पाळी करून आला. त्याला बाहेरच्या खोलीतूनच आत यावं लागतं. आम्ही बोलायचं थांबलो. त्याची दोन पावलं वाजली आणि पुढे आलीच नाहीत.

"सम्यक?" मी हाक मारली.

मग पडदा जरासा हलला आणि तो दारात दिसला, आमच्याकडे पाठ करून. तो बाजेकडे बघत होता. डब्याची पिशवी त्याच्या हातात तशीच होती.

"आई," तो म्हणाला, कोणी झोपलेलं उठू नये इतक्या हळू. "तू आता काय सांगत होतीस तिला?"

"मानसीची घे म्हणतेय. का रे? काय दिसतंय तुला?"

त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"ती मानेने नको म्हणतेय," सम्यक म्हणाला.

मानसीने तोंडात पदर कोंबला. मी पाटावर नीट बसले, पाठ प्लायला घट्ट लावली, आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागले.